आधी कान, मग मान

तान्ह्या पोळ्याच्या सणाला सौंसर-पांढुर्णा भागातली मुलं चाकांचा लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. असाच एक सागवानी नंदी मी सौंसरच्या सुतारकाकांकडे नेला. समोर पोर आलं की नंदीने त्याची दखल घ्यावी, एवढीच इच्छा होती.

काकांनी मान अलगद कापून वेगळी केली. वशिंडाखाली पोकळी कोरून तिथे सर्वो मोटर बसवली. या मोटरला दर 20 मिलिसेकंदांनी विजेचा एक स्पंद मिळतो. तो 1 मिलिसेकंदाचा आहे की 2, यावर मान कुठे थांबायची ते ठरतं. गळ्यातल्या माळेआड अल्ट्रासॉनिक सेन्सर दडवला. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. पोर अर्ध्या मीटरवर असेल, तर आवाज जाऊन परत यायला जेमतेम 3 मिलिसेकंद लागतात.

मान वळली, तीही खटकन. काका म्हणाले, "भाऊ, बैल आधी कान देतो, मग मान फिरवतो." मग कानांसाठी आणखी एक छोटी मोटर बसवली. आता आधी कान हलतो, नंदी क्षणभर थांबतो आणि मान सावकाश वळते. कुणी झपकन हात पुढे केला, तर ती मागे सरते. लाकडात जीव आल्यासारखा वाटला तो त्या थांबण्यामुळे.

एडवर्ड इह्नातोविच या शिल्पकाराने हेच फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं होतं. 1970 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, फिलिप्सच्या इव्होलुऑन प्रदर्शनात त्याचं 'सेन्स्टर' उभं राहिलं. सुमारे 15 फुटांचं हे पोलादी शिल्प संगणकावर चालायचं. त्याचे सांधे शेवंडाच्या नांगीवरून घेतले होते. हळू आवाजाकडे ते मान नेई. गोंगाट किंवा धसमुसळेपणा झाला की अंग चोरी. आतले नियम साधेच होते, तरी लोकांना ते जिवंत वाटे. 1974 मध्ये ते उतरवलं गेलं. पुढे पोलंडमधल्या क्राकोच्या एजीएच विद्यापीठाने ते दुरुस्त करून पुन्हा हलतं केलं.

तान्ह्या पोळ्यात नंदी सजावटीच्या स्पर्धा होतात. आयोजकांना विनंती आहे, त्यांत हालचाल करणाऱ्या नंदीचाही एक गट ठेवा. लागणारं सामान काही शे रुपयांत येतं. मात्र मोटर हाती देण्याआधी मुलांना गोठ्यात न्या आणि खरा बैल माणसाकडे कसा बघतो, ते निवांत पाहू द्या.