अस्थि-हस्तिदंत-शृंगशिल्प

प्राण्यांची हाडे, हत्ती, मॅमथ, वॉलरस इत्यादींचे सुळे आणि मृगकुलातील प्राण्यांची शाखायुक्त शिंगे कापून, कोरून अथवा त्यांवर रेखाटन करून केलेल्या वस्तूंचा अंतर्भाव या कलाप्रकारात होतो. सुया, फण्या, मुठी व सोंगट्या यांपासून देवप्रतिमांपर्यंत त्याची व्याप्ती आहे.

हे पदार्थ दिसण्यात सारखे असले, तरी घडणीने भिन्न आहेत आणि वस्तूचे स्वरूप बव्हंशी त्या भेदावरच ठरते. हस्तिदंत मुख्यत्वे दंतिनाचा बनलेला, घट्ट व सूक्ष्मकणी असल्याने त्यावर अतिशय बारीक काम करता येते. सुळ्याचा बुडाकडील भाग पोकळ असतो. त्यातून बांगड्या व डब्या, तर टोकाकडील भरीव भागातून मूर्ती घडवितात. हाडाची भिंत पातळ व सच्छिद्र असल्यामुळे त्यातून मोठी वस्तू एकसंध होत नाही; लहान पट्ट्या जोडाव्या लागतात. शिंगाविषयी मात्र मराठीत घोटाळा होण्याचा संभव असतो. साबर, चितळ यांची शिंगे हाडाचीच असून ती ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात. गाय-म्हशींच्या शिंगांवरील आवरण केराटिनाचे असते व ते उष्णतेने मऊ करून वाकविता येते. प्रस्तुत शिल्पप्रकारात पहिलीच शिंगे अभिप्रेत आहेत. ती हाडापेक्षा चिवट असल्याने मध्ययुगीन उत्तर यूरोपात फण्यांसाठी त्यांना विशेष मागणी असे. दात तंतूंच्या दिशेने कापले नाहीत तर ते मोडतात. म्हणून कारागीर शिंगाचे लहान तुकडे शेजारी शेजारी मांडून ते दोन आडव्या पट्ट्यांमध्ये रिव्हेटांनी पक्के करीत व नंतर दात पाडीत.

या कलेचा प्रारंभ पुराणाश्मयुगात झाला. जर्मनीतील होलेन्‌श्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ मध्ये मिळालेली सु. ३१ सेंमी. उंचीची सिंहमुखी मानवाकृती मॅमथच्या सुळ्याची असून ती सु. ४०,००० वर्षांपूर्वीची आहे. ती शेकडो तुकड्यांच्या रूपात सापडली व ते जुळविण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले.

भारतात सिंधू संस्कृतीच्या स्थळी हस्तिदंती फण्या, केसांच्या सळया व फासे मिळाले आहेत. सांची येथील दक्षिण तोरणावरील एका लेखात तेथील शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा उल्लेख आहे. तोरणावरील दाट व बारीक नक्षी पाहता सुळ्यावर सरावलेला हात दगडावर चालला, यात नवल वाटत नाही. दंतकारांच्या मालाला दूरदेशी बाजारपेठ होती, याचा पुरावा इटलीतील पाँपेई येथे मिळतो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले, परंतु ती यक्षी असावी असे मत पुढे आले. तिच्या माथ्यावरील छिद्रावरून ती स्वतंत्र मूर्ती नसून एखाद्या उपकरणाचा अथवा आसनाचा आधारभाग असावी, असे दिसते. मराठवाड्यातील तेर (प्राचीन तगर) व भोकरदन येथे तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्याने काही अभ्यासक तिचे मूळ दख्खनमध्ये शोधतात.

अफगाणिस्तानातील बेग्राम येथे १९३७ व १९३९ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना दोन बंदिस्त दालनांत हस्तिदंत व हाड यांचे असंख्य कोरीव फलक सापडले. ते आसनांवर जडविलेले होते. लाकूड कुजून गेले आणि फलक उरले. त्यांतील काबूलच्या संग्रहालयातील अनेक फलक १९९० नंतरच्या यादवीत लुटले गेले. त्यांपैकी वीस फलक शोधून काढून २०१२ मध्ये काबूलला परत करण्यात आले.

सतराव्या शतकात गोव्यात ख्रिस्ती प्रतिमा मोठ्या प्रमाणावर कोरल्या गेल्या. डोंगराच्या शिखरावर मेंढ्यांसह बसलेला, हातावर गाल टेकून डोळे मिटलेला बाल ख्रिस्त मेंढपाळ हा त्यांतील सर्वांत वेधक विषय होय. कल्पना यूरोपीय असली, तरी त्या मुद्रेत ध्यानस्थ बुद्धाची छाया अनेकांना जाणवते. पुढे मुर्शिदाबाद, विशाखापटनम्‌, म्हैसूर व त्रावणकोर ही केंद्रे प्रसिद्धीस आली. त्रावणकोरच्या महाराजांनी व्हिक्टोरिया राणीला भेट दिलेले हस्तिदंती सिंहासन लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात मांडले होते.

अन्यत्र स्थानिक प्राण्यांनुसार माध्यम बदलते. स्कॉटलंडमधील लूइस बेटावर १८३१ मध्ये सापडलेली बाराव्या शतकातील बुद्धिबळाची मोहरी बहुतांशी वॉलरसच्या सुळ्यांची आहेत. ढाल दातांनी चावणारे त्यांतील हत्तीच्या (रूक) जागचे योद्धे उल्लेखनीय होत. इन्युइट लोक वॉलरसचे सुळे व कॅरिबूची शिंगे, तर माओरी लोक देवमाशाची हाडे वापरीत. जपानी ‘नेत्सुके’ या कमरपट्ट्यावरील गुंड्यांसाठी हस्तिदंताबरोबर हरणाचे शिंगही घेत. बेनिनच्या राजमाता इडिया हिचा सोळाव्या शतकातील हस्तिदंती मुखवटा ब्रिटिश सैन्याने १८९७ मध्ये नेला. १९७७ मध्ये लागोस येथील आफ्रिकी कलामहोत्सवाने तोच बोधचिन्ह म्हणून निवडला, पण ब्रिटिश म्यूझीयमने मूळ वस्तू उसनी दिली नाही.

हस्तिदंताच्या मागणीने हत्तींचा मोठा संहार झाला. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारान्वये आशियाई हत्तीच्या सुळ्यांचा व्यापार १९७५ पासून आणि आफ्रिकी हत्तीच्या सुळ्यांचा १९९० पासून निषिद्ध झाला. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियमातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी देशी व आयात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. त्यामुळे हस्तिदंतावर काम करणाऱ्या अनेक कारागिरांना चंदन, उंट व म्हशींची हाडे यांकडे वळावे लागले. लखनौमध्ये हाडावरील जाळीकाम अद्याप चालते. दुसरीकडे, मॅमथचा सुळा अनेक देशांत विक्रीस मोकळा असल्याने त्याच्या नावाखाली हत्तीचा सुळा खपविला जाण्याची शक्यता राहते. सुळ्याच्या आडव्या छेदावर परस्परांना छेदणाऱ्या रेषा दिसतात; बाह्य कडेजवळ त्यांतील कोन हत्तीच्या सुळ्यात सामान्यतः ११५ अंशांहून अधिक, तर मॅमथच्या सुळ्यात ९० अंशांहून कमी असतो. तपासनीस प्रथम हाच कोन मोजतात. परंतु लहान व उभ्या छेदाच्या कोरीव वस्तूंवर तो दिसत नाही आणि तेथे प्रयोगशाळेतील परीक्षणाचाच आधार घ्यावा लागतो.