सही आहे, भिंत नाही

१९ जुलै २०२४ रोजी इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. कारण होते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक फाइल. कंपनीच्या मॉड्यूलकडे २० नोंदी होत्या, फाइलने एकविसावी मागितली आणि मॉड्यूलने हद्दीबाहेरची मेमरी वाचली. साध्या प्रोग्रॅमने हे केले असते तर तो एकटाच बंद पडला असता. पण हे मॉड्यूल कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पूर्ण अधिकारांनिशी चालत होते. तिथे एकाची चूक सगळ्यांना भोवते.

मॉड्यूल तपासून त्यावर डिजिटल सही घ्यावी, हा रूढ उपाय. इथे मायक्रोसॉफ्टची सही होतीच! कोड कोणाचा हे सही सांगते. उद्या येणारी फाइल वाचून तो कसा वागेल, हे नाही. म्हणून भर विलगीकरणावर, म्हणजे मॉड्यूल आणि गाभा यांच्यातल्या भिंतीवर हवा. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३मध्ये ‘नूक्स’ प्रणालीत ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या मॉड्यूलला, कर्नलच्या मेमरीत लिहिण्यापासून रोखले. तो कोसळला तर तेवढाच पुन्हा सुरू करता येई. यात वेग घटतो, हा आक्षेप खरा आहे. काही कामे बरीच मंदावली. लिनक्समधली ईबीपीएफ ही यंत्रणा म्हणूनच कर्नलमध्ये येणारा कोड चालण्याआधी पडताळते आणि शंकास्पद कोड नाकारते, अर्थात त्या पडताळणीतही चुका सापडल्या आहेत. सुरक्षा सॉफ्टवेअर गाभ्यातच हवे, हा दावा मात्र टिकत नाही. ॲपलने २०१९मध्ये त्याला कर्नलबाहेर जागा दिली आणि जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तशीच सोय जाहीर केली.