सदाफुलीची पाने चावण्यापूर्वी

दारातल्या सदाफुलीची चार-पाच पाने रोज सकाळी अनशापोटी चावली की साखर उतरते, असे आपल्या वस्त्यांमध्ये अनेकजण एकमेकांना सांगतात. उपाय फुकटचा, घरचा आणि 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा विश्वास. म्हणून या पानात नेमके काय असते, ते आपण समजून घेऊ.

झाडाला पळता येत नाही. किडे, बुरशी, जनावरे यांच्यापासून बचावासाठी ते पानांत, सालीत, मुळांत रसायने तयार करते. त्यांतल्या एका मोठ्या गटाला अल्कलॉइड म्हणतात. सिंकोनाच्या सालीतले क्विनाइन, अफूतले मॉर्फिन, चहातले कॅफीन ही त्याचीच उदाहरणे. चव बहुधा कडू आणि थोड्या मात्रेतही परिणाम मोठा. शेळीसुद्धा सदाफुलीला सहसा तोंड लावत नाही, ते यामुळेच.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. 1950 च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी तो अर्क उंदरांवर तपासला. साखरेत विशेष फरक दिसला नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध मिळाले. याच झाडातले व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर शिरेतून, मोजून-मापून दिले जाते. ही द्रव्ये पेशींचे विभाजन रोखतात.

पुढे प्राण्यांवरील काही प्रयोगांत पानांच्या अर्काने साखर उतरलेलीही दिसली. पण माणसाने किती पाने खावीत, हे त्यावरून ठरलेले नाही. पानात ही द्रव्ये अत्यल्प असतात. शिवाय माती, ऋतू आणि झाडाचे वय यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, पानावर नसतात. गरोदर स्त्रियांनी तर ही पाने खाऊच नयेत.

खरा धोका पुढेच आहे. पाने सुरू झाली की गोळ्या सुटतात. साखर मुकाट्याने वाढत राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा निकामी होऊ लागतात. पायाची जखम चिघळून पाय कापण्याची वेळ आलेली माणसे आपल्या आसपासच आहेत.

विनयपिटकातील जीवकाची कथा आपल्याला ठाऊक आहे. तक्षशिलेभोवती योजनभर फिरूनही औषधी नसलेली एकही वनस्पती त्याला सापडली नाही. पण त्याआधी त्याने 7 वर्षे शिक्षण घेतले होते. प्रत्येक वनस्पतीत गुण असतो. तो कोणाला, किती आणि केव्हा द्यायचा, हे जाणणे म्हणजे वैद्यक. कालाम सुत्तातही भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असेच सांगितले आहे.

मग करायचे काय? गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. पाने, काढा किंवा चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. गोळीच्या जोडीने साखर एकदम खालीही जाऊ शकते. पैशाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे 30 वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाब तपासणी मोफत होते. जन औषधी केंद्रात गोळ्याही स्वस्त मिळतात.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. हा आजार किती झिजवतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. सदाफुली दारात जरूर फुलू द्या. औषध मात्र तपासून, विचारून घ्या.