काळजीपोटी फॉरवर्ड

1 जुलै 2018. रविवार असल्याने धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले. मुलं पळवणाऱ्यांबद्दलचे मेसेज आणि व्हिडिओ त्या पट्ट्यात आधीपासून मोबाइलवर फिरत होते.

व्हॉट्सअ‍ॅपने माणसं मारली, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. पण हे मेसेज पुढे धाडणाऱ्या बहुतेकांना कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. पोरंबाळं घरात ठेवा, शेजारच्या वहिनींनाही सांगा, एवढाच त्यांचा हेतू. अफवेला पाय फुटले ते या काळजीमुळे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओची गोष्ट तर चटका लावणारी आहे. गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत, मोटारसायकलवर दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. हा व्हिडिओ मुळात कराचीचा. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने जनजागृतीसाठी तो बनवून घेतला होता. मूळ व्हिडिओत मोटारसायकल परत येते, पोराला सोडते, आणि मागे बसलेला माणूस हातातला फलक दाखवतो: मूल पळवायला कितीसा वेळ लागतो, पाहा! भारतात फिरला तो शेवट कापलेला तुकडा. एका शहरात मुलांबद्दल कळवळा वाटावा म्हणून केलेली फिल्म दुसऱ्या देशात खुनाला निमित्त झाली. कात्री कुणी चालवली, ते या प्रवासात मागेच राहिलं.

कारण मेसेज पुढे जाताना आपला पत्ता सोबत नेत नाही. मावशीने पाठवला की तो मावशीचा होतो. अनोळखी माणसाने रस्त्यात सांगितलं असतं तर आपण दोन प्रश्न विचारले असते. मावशीला कोण विचारणार? 2016च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरांत पेपरही येत नव्हता तिथे व्हिडिओ पोचू लागले. मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीलाही वाचता येत नाही. खासगीपणासाठी हे चांगलंच, पण मग आत काय आहे ते न बघता फक्त वेग कमी करणं एवढंच कंपनीच्या हातात उरतं. तेच तिने केलं. जुलै 2018 मध्ये ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा घातली गेली. एप्रिल 2020 मध्ये, बऱ्याच हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम आला. असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं.

त्याच महिन्याच्या 16 तारखेला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाऊनमध्ये त्या भागात रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, अशी बोलवा होती. सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंग्यात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुलं चोरणारे समजून मारहाण झाली. फॉरवर्डला लगाम घातला तरी पारावर बोललेल्या शब्दाला तो लागत नाही. आणि परक्याबद्दलचा संशय मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. 1871च्या इंग्रजी कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. 1952 मध्ये कायदा गेला, पण ती नजर गेली नाही. मोबाइलने त्या नजरेला रोज नवी चित्रं पुरवली, एवढंच.

आता कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला, 2021चा एप्रिल-मे आठवा. हाच व्हॉट्सअ‍ॅपचा हिरवा चौकोन, हेच फॅमिली ग्रुप, सोसायटीचे ग्रुप, दहावीच्या बॅचचे ग्रुप. ऑक्सिजन बेड कुठे आहे, रेमडेसिव्हिर कुणाकडे मिळेल, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा कोण देईल! अनोळखी माणसासाठी लोक रात्र रात्र फोन लावत बसले. कळवळ्याने फॉरवर्ड केलेल्या जुन्या नंबरांचा इथेही सुळसुळाट झाला. सिलिंडर कधीच संपलेला, तरी तो देणाऱ्या माणसाचा फोन वाजतच राहायचा. यातून स्वयंसेवकांनी आपली आपण एक शिस्त लावून घेतली. आधी स्वतः फोन करायचा, मग मेसेजखाली लिहायचं: तपासले, आज दुपारी इतके वाजता. काम झालं की ‘मिळाला, आता पाठवू नका’. कुठल्याही अ‍ॅपने हे शिकवलं नव्हतं.

त्यांना तपासता आलं, कारण मदतीच्या मेसेजला धरायला जागा असते: हॉस्पिटलचं नाव, रक्तगट, नातेवाइकाचा नंबर. टोळीबद्दलच्या मेसेजमध्ये असतं ‘आपल्या भागात’, ‘काल रात्री’, ‘एका बाईच्या मुलाला’. कधी पोलिसांचं नाव चिकटवलेलं असतं, पण कुठलं ठाणं ते नसतं. फोन करायचा म्हटलं तर करणार कुणाला? ज्या गावचा मेसेज आहे त्या गावच्या पोलीस पाटलाला किंवा जवळच्या ठाण्याला एक फोन लावायचा, तर मेसेजमध्ये आधी गाव तर हवं.