स्वतंत्र सल्लागाराचं प्रपोजल : 'कोटेशन पाठवून द्या' म्हणतात तेव्हा

आयोजकांनी आजचा विषय 'यशस्वी प्रपोजल कसं लिहावं' असा छापलाय. त्यातल्या 'यशस्वी' या शब्दाची आम्हाला जरा धास्तीच वाटते, कारण आम्ही हरलेली प्रपोजलं जिंकलेल्यांपेक्षा जास्त आहेत. (हशा) आम्ही दोघं गेली अकरा वर्षं भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांना उत्पादनाबाबत सल्ला देतो. दोघंही त्याआधी नोकरीत होतो. उदाहरणं त्यामुळे सगळी कारखान्यातलीच येतील. तुमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअरमधले असतील, कुणी एचआरमधले. तुम्ही आपापल्या कामाप्रमाणे शब्द बदलून घ्या.

सुरुवात एका हरलेल्या प्रपोजलपासून करतो. नोकरी सोडून वर्ष झालं नव्हतं. एका प्रेस शॉपच्या मालकांचा फोन आला, 'आम्हाला फाइव्ह-एसचं ट्रेनिंग करायचंय, कोटेशन पाठवून द्या.' आम्ही म्हणालो, 'हो साहेब, परवापर्यंत पाठवतो.' आणि खरंच परवापर्यंत २४ पानं पाठवली. पहिली सहा पानं आमच्याबद्दल : शिक्षण, अनुभव, प्रमाणपत्रं. पुढे फाइव्ह-एस म्हणजे काय, त्याचा जपानमधला इतिहास, रंगीत आकृत्या. शेवटच्या पानावर रक्कम.

काम दुसऱ्याला गेलं. वाईट त्याचं नाही वाटलं, वाईट वाटलं ते नंतर कळलं तेव्हा, की त्याची रक्कम आमच्यापेक्षा जास्त होती आणि त्याचं प्रपोजल तीन पानांचं होतं. आम्ही धीर करून मालकांना फोन लावला आणि विचारलं, आमचं काय चुकलं. ते म्हणाले, 'अहो, तुमचं चांगलंच होतं. पण तुमच्या पहिल्या पानावर तुमचा फोटो होता. त्यांच्या पहिल्या पानावर माझी तीन नंबरची प्रेस होती.'

हे वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही. त्या दुसऱ्या सल्लागाराने काय केलं होतं? फोन आल्यावर कोटेशन न पाठवता तो तासभर शॉप फ्लोअरवर जाऊन उभा राहिला. मालकांना त्याने विचारलं, फाइव्ह-एस आत्ताच का हवंय? तेव्हा कळलं की मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल उशिरा पोचल्याबद्दल डेबिट नोट येतेय, त्यांच्या ऑडिटरने 'इथे शिस्त नाही' असा शेरा मारलाय, आणि त्यावर उपाय म्हणून कुणीतरी फाइव्ह-एस सुचवलंय. खरी अडचण उशिराची होती. आम्ही मागितलं ते दिलं, त्याने दुखत होतं तिथे हात ठेवला.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की प्रपोजल लिहायला बसण्याआधी काम बरंचसं झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. 'कोटेशन पाठवा' म्हटलं की आता आम्ही सांगतो, 'पाठवतो, पण आधी एक तास येऊन बघतो.' जो तासभरही द्यायला तयार नसतो, तो बहुतेक तिसरं कोटेशन गोळा करत असतो. फाइलला तीन लागतात ना, म्हणून. त्याच्यासाठी दोन रात्री जागू नका.

त्या तासात विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. हे आत्ताच का? काहीच केलं नाही तर सहा महिन्यांनी काय होईल? याआधी कुणी प्रयत्न केला होता का, आणि तो का फसला? हा तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. 'मागच्या सल्लागाराने पाट्या लावल्या आणि गेला' असं उत्तर आलं की पाट्यांपासून सुरुवात करायची नाही हे तुम्हाला तिथेच कळतं. आणि चौथा, जरा आडवळणाने विचारायचा : हे ठरवताना अजून कुणाशी बोलावं लागेल? आपल्याकडे कंपन्या घरच्या असतात. बोलतात मुलगा, सही करतात वडील, आणि पैसे कधी सोडायचे ते अकाउंट्समधले, पंचवीस वर्षं तिथेच असलेले काका ठरवतात. तिघंही तुमचा कागद वाचणार, तिघंही वेगवेगळं पान उघडणार.

आता कागद. पहिल्या पानावर त्यांची परिस्थिती, शक्य तितकी त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच आकड्यांत. आमचा एक अलीकडचा परिच्छेद वाचून दाखवतो, गिऱ्हाइकाची ओळख काढून : 'आपल्याकडे तीन प्रेसवर दिवसाला प्रत्येकी सरासरी दोन वेळा डाय बदलावी लागते. प्रत्येक बदलाला सुमारे ७५ मिनिटं जातात. म्हणजे रोज ४५० मिनिटं, साडेसात तास, प्रेस उभ्या राहतात. ही जवळजवळ एक अख्खी पाळी आहे. याच ऑर्डरींसाठी आपण सध्या रविवारी ओव्हरटाइम लावता.'

एवढंच. यात आमचं एकही कौतुक नाही. ७५ मिनिटं हा आकडा त्यांच्याच सुपरवायझरच्या वहीतला, गुणाकार आमचा. मालकांनी तो वाचून सुपरवायझरला आत बोलावलं आणि विचारलं, 'हे खरंय का रे?' तो म्हणाला, 'साहेब, कधीकधी जास्तच.' तिथे काम आम्हाला मिळालं. पुढची पानं त्यांनी नंतर वाचली असतील.

त्याच गुणाकारावर फीसुद्धा उभी राहते. त्यांच्या हिशोबाने प्रेसचा तासाचा दर ६०० रुपये होता. बदलाचा वेळ निम्मा झाला तर रोज पावणेचार तास, म्हणजे २,२५० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५६,२५० रुपये. आमची फी ३ लाख होती, ती साडेपाच महिन्यांच्या आत वसूल होते. पण इथे प्रामाणिक राहा. वाचलेल्या तासांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या तासांत करायला ऑर्डर असते. यांच्याकडे होती, रविवारचा ओव्हरटाइम चालूच होता. ऑर्डर नसलेल्या कारखान्यात हाच हिशोब मांडणं म्हणजे फसवणूक, आणि मालक ती लगेच ओळखतो.

आता सगळ्यांना सतावणारा प्रश्न. उपाय कागदावर किती सांगायचा? आम्ही एकदा सगळाच सांगितला. कुठली यंत्रं कुठे हलवायची, कुठल्या क्रमाने, आराखड्यासकट. काम मिळालं नाही. आठ-नऊ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेलो तेव्हा सहज डोकावलो, तर यंत्रं आमच्या आराखड्याप्रमाणे लागलेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानंतर काही दिवस आम्ही उलट टोकाला गेलो आणि प्रपोजलमध्ये काहीच सांगेनासे झालो. त्यानेही कामं गेली, कारण वाचणाऱ्याला विश्वास कशावर ठेवायचा तेच कळेना. आता आम्ही काय करणार, किती दिवसांत, त्यांच्या कुणाचा किती वेळ लागेल आणि झालं हे कशावरून ओळखायचं, एवढं स्पष्ट लिहितो. 'बदलाचा वेळ ७५ वरून ४० मिनिटांच्या आत, सलग चार आठवडे' असं. ते कसं करणार, ते काम सुरू झाल्यावर.

आणि 'यात काय येत नाही' हा परिच्छेद. नवीन लोकांना हा लिहायची लाज वाटते, वाटतं आपण कोते दिसू. आम्हीही लिहीत नव्हतो. एका ठिकाणी 'आलाच आहात तर आयएसओच्या ऑडिटचंही बघा', 'जाता जाता त्या नव्या इंजिनिअरला शिकवा' असं करत करत अकरा दिवस जास्तीचे गेले, एकही पैसा न मिळता. चूक त्यांची नव्हती हो. त्यांना वाटलं यात येतं, आणि येत नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता आम्ही दोन ओळी लिहितो : आयएसओची कागदपत्रं, नवीन यंत्रखरेदी आणि भरती यात धरलेली नाही, हवी असल्यास वेगळा दर ठरवू. यावर आजवर कुणी रागावलेलं नाही.

कायद्याचं थोडं बोलू, कारण सल्लागार मंडळी प्रपोजलला जाहिरातीचं पत्रक समजतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात 'प्रपोजल' हा व्याख्या केलेला शब्द आहे. समोरच्याने ते स्वीकारलं की ते वचन होतं. म्हणजे उत्साहाच्या भरात लिहिलेली 'उत्पादन दुप्पट करून देऊ' ही ओळ उद्या तुमच्यासमोर ठेवता येते. त्याच कायद्यात असंही आहे की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. गिऱ्हाइकाने 'मान्य आहे, फक्त दहा टक्के कमी करा' असं कळवलं तर तो स्वीकार नव्हे. लगेच कामाला लागू नका, आधी लेखी ठरवा. आणि मुदत घाला, 'हे ३० दिवसांपर्यंत वैध'. मुदत संपली की प्रस्तावही संपतो. नाहीतर दीड वर्षाने फोन येतो, 'तो तुमचा जुना रेट आहे ना?'

दहा टक्क्यांवरून आठवलं. दर कमी करा म्हटलं तर कामही कमी करा. तीन प्रेसऐवजी दोन घ्या, आठवड्याच्या दोन भेटींऐवजी एक. नुसतीच रक्कम खाली आणलीत की त्यांना कळतं, आधीची फुगवलेली होती.

कराचे आकडे नीट लिहा. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात २० लाखांच्या वर वार्षिक उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि सल्ल्यावर दर १८ टक्के. आम्ही एकदा फक्त 'फी ३ लाख रुपये' असं लिहिलं होतं, 'जीएसटी वेगळा' लिहायचं राहिलं. त्यांच्या अकाउंटंटने ते जीएसटीसह धरलं. आमचे ४५,७६३ रुपये गेले. टीडीएसचंही ध्यानात ठेवा. सल्लागाराच्या कामाच्या स्वरूपाप्रमाणे तो १० टक्के किंवा काही तांत्रिक सेवांना २ टक्के कापतात. आमचा १० कापतात. ३ लाखांवर ५४ हजार जीएसटी, ३० हजार टीडीएस, हातात येतात ३ लाख २४ हजार. त्यातले ५४ हजार तुमचे नाहीत, हे त्या आनंदात विसरू नका.

पैसे वेळेवर येणं हा मोठा विषय आहे. आपल्याकडे काम गेल्यामुळे बंद पडलेले सल्लागार आम्ही कमी पाहिले, पैसे अडकल्यामुळे नोकरीत परतलेले जास्त. उद्यम नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक प्रपोजलवर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली : या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. मघाशी म्हटलं ते अकाउंट्समधले काका उद्यम क्रमांक बघतात तो यासाठी. व्याजाची धमकी मात्र प्रपोजलमध्ये घालू नका. लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचं बोलण्यासारखं आहे ते. (हशा) क्रमांक पुरेसा आहे. आणि ३० ते ४० टक्के आगाऊ मागा, त्याशिवाय पहिली भेट ठरवू नका.

सरकारी कामांबद्दल एकच सांगतो, तो आमचा प्रांत नाही. तिथे गुणवत्ता आणि किंमत यांना ठरवून दिलेलं वजन असतं, ७०:३० किंवा ८०:२० असं, आणि नमुना ठरलेला असतो. तिथे मघाचा सुंदर पहिला परिच्छेद कामाचा नाही. एक जोडपत्र राहिलं तर बाकी काहीही असो, तुम्ही बाहेर.

एक राहिलं. प्रपोजल मेलवर पाठवून वाट बघत बसू नका. आम्ही दोन प्रती छापून घेऊन जातो आणि समोर बसून वाचतो. वाचताना त्यांचा चेहरा कुठे बदलतो ते दिसतं. तिथे थांबून विचारायचं.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मी दोनच महिन्यांपूर्वी नोकरी सोडलीये. माझ्याकडे दाखवायला एकही गिऱ्हाईक नाही. पहिल्या पानावर त्यांची अडचण लिहीन, पण माझ्यावर विश्वास का ठेवतील?)

ताई, चांगला प्रश्न आहे, आणि आम्हालाही याचं उत्तर उशिरा सापडलं. तीन महिन्यांचं काम मागूच नका. तीन दिवसांची पाहणी मागा, पैसे घेऊन. फुकट नको, फुकटच्या अहवालाला कुणी वेळ देत नाही. रक्कम अशी ठेवा की मालक एकटेच हो म्हणू शकतील, कुणाला विचारावं लागणार नाही. त्या तीन दिवसांत आकडे गोळा करा आणि चार पानांचा अहवाल द्या. त्यात शेवटी लिहा, की हे तुमचं तुम्ही करू शकता, किंवा आम्हाला सांगा. उपाय सांगितला तरी आता त्याचे पैसे घेतलेले असतील, त्यामुळे आमच्यासारखं गल्लीतून डोकावून जेवण चुकवायची वेळ येणार नाही. आम्ही आता जुन्या गिऱ्हाइकांकडेही नवीन कामाची सुरुवात अशीच करतो. आणि नोकरीत असताना तुम्ही जे केलंत ते आकड्यांसकट लिहा, कंपनीची गुपितं सोडून. तुमचं काम कशातलं आहे?

(उत्तर : गोदामाचं, साठ्याचं नियोजन.)

मग सोमवारी एखाद्या गोदामात जाऊन उभ्या राहा, आणि वर्षभर हललेला नाही असा माल किती आहे ते मोजून द्यायला तीन दिवस मागा.