ब्रिजच्या बोलीत शब्द फक्त ३८, तरी ती शिकताना भल्याभल्यांना घाम का फुटतो?

२०१८ ची जकार्ता एशियन गेम्स. भारताला एक गोल्ड मेडल मिळालं आणि विजेत्यांची वयं वाचून अनेकांनी बातमी परत वाचली. प्रणब बर्धन ६० वर्षांचे, शिबनाथ सरकार ५६ वर्षांचे.

खेळ होता ब्रिज. म्हणजे पत्ते.

आता पत्ते तर आपल्याकडं घरोघरी खेळले जातात. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळला नाही असा माणूस सापडायचा नाही. मग ब्रिजमध्ये एवढं अवघड काय आहे?

तर ब्रिजमध्ये पत्ते टाकणं हा अर्धाच खेळ. त्याच्या आधी लागते ती बोली, आणि शिकणारे अडकतात ते तिथंच.

आधी खेळ समजून घेऊ

चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. प्रत्येकाला १३ पत्ते. हुकूम कोणता आणि जोडी मिळून किती हात करणार, हे बोली लावून ठरतं. लाडीस किंवा जजमेंट खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

यात पहिले सहा हात धरलेलेच असतात. म्हणजे 'एक बदाम' असं बोललं की बदाम हुकूम आणि सात हात करायचे. एक ते सात अशा पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर पाच पर्याय : किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकूम. झाल्या ३५ बोली. त्यात पास, डबल आणि रिडबल मिळवा. एकूण ३८.

भिडूला आपले पत्ते सांगायला एवढेच शब्द. डोळा मारणं नाही, खाकरणं नाही. मोठ्या स्पर्धांत तर तोंडानं बोलतही नाहीत, बोली छापलेली कार्डं टेबलावर ठेवतात.

दुसऱ्या बाजूला, एका खेळाडूच्या हातात १३ पत्ते येण्याचे प्रकार आहेत ६३ हजार ५०० कोटींहून जास्त. शिवाय बोली फक्त वर चढते, खाली येत नाही. जास्त बोलत बसलं तर जेवढे हात होणार नाहीत तेवढ्यांची बोली गळ्यात पडते.

मग उपाय एकच उरतो. एकाच शब्दाला अनेक अर्थ द्यायचे.

'दोन चौकट' म्हणजे नेमकं काय?

ही एकच बोली घेऊ.

कुणी सुरुवातच 'दोन चौकट' अशी केली, तर बऱ्याच जोड्यांमध्ये अर्थ होतो : चौकटचे सहा पत्ते आहेत, पण एकूण ताकद कमी.

भिडूनं आधी 'एक नो ट्रम्प' म्हटलं असेल, तर 'दोन चौकट'चा चौकटशी संबंधच उरत नाही. आता अर्थ असतो : बदामचे किमान पाच पत्ते आहेत, तू 'दोन बदाम' बोल. याला ट्रान्सफर म्हणतात. ज्याच्याकडं भारी पत्ते आहेत त्यानं खेळावं आणि त्याचे पत्ते झाकलेले राहावेत, म्हणून हा उलटा प्रकार.

'एक नो ट्रम्प'वर कुणी 'दोन किलवर' म्हटलं, तर तो स्टेमन नावाचा प्रश्न असतो : बदाम किंवा इस्पिकचे चार पत्ते आहेत का? त्यावर 'दोन चौकट' हे उत्तर आलं, तर अर्थ 'नाहीत'.

आणि प्रिसिजन नावाच्या पद्धतीत सुरुवातीच्या 'दोन चौकट'चा अर्थ होतो : चौकटचा जास्तीत जास्त एक पत्ता आहे.

शब्द तोच, अर्थ चार.

घोळ होतो तो असा

चार अर्थ पाठ करणं तसं अवघड नाही. अडचण ही की ते दोघांनाही, एकाच क्षणी आठवले पाहिजेत.

समजा एकाकडं बदामचे सहा पत्ते आहेत आणि चौकटचा एकच. भिडूच्या 'एक नो ट्रम्प'वर त्यानं ट्रान्सफर म्हणून 'दोन चौकट' केलं. भिडू ट्रान्सफर विसरला आणि पास म्हणाला. भिडूकडं चौकटचे तीन पत्ते. आता हुकूम चौकट, या जोडीकडं हुकुमाचे मिळून चार पत्ते आणि समोरच्यांकडं नऊ. पुढं काय होतं ते सांगायला नको.

त्यात नियम आणखी कडक. ब्रिजमध्ये गुपित संकेत चालत नाहीत. बोलीचा अर्थ विचारायचा समोरच्यांना हक्क असतो आणि तो भिडूनं सांगायचा असतो. भिडूचं उत्तर ऐकून आपण पद्धत विसरलो होतो हे लक्षात आलं, तरी त्याचा फायदा घेता येत नाही. ते ऐकलंच नाही असं समजून पुढची बोली लावावी लागते.

तरी लोक अवघड पद्धती का शिकतात?

कारण फायदा होतो. प्रिसिजन ही सी. सी. वेई यांची पद्धत. तिच्यात भारी पत्ते आले की 'एक किलवर' म्हणायचं, मग किलवर हातात असो वा नसो. ती वापरून तैवानच्या संघानं १९६९ च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत थेट दुसरा नंबर काढला.

पण समोरचेही गप्प बसत नाहीत. 'एक किलवर' झाल्यावर त्यांनी लगेच 'तीन इस्पिक' टाकलं, की पाठ केलेली पुढची सगळी उत्तरं वाया जातात. म्हणून प्रत्येक अडथळ्यासाठी वेगळं ठरवावं लागतं. नियमात बसणारे बोलीचे सगळे क्रम मोजले तर ४८ अंकी आकडा येतो. काही अव्वल जोड्यांच्या नोट्स शेकडो पानांच्या असतात त्या यामुळंच.

पॅरिसमध्ये २०२२ मध्ये 'नूक' नावाच्या प्रोग्रॅमनं आठ जगज्जेत्या खेळाडूंपेक्षा सरस खेळ केला. पण त्या सामन्यात बोली वगळलेली होती, फक्त पत्ते खेळायचे होते.

मग शिकायचं कसं?

आधी मोजायला शिकायचं. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. गड्डीत एकूण ४०. जोडीकडं मिळून २५ च्या आसपास असतील तर 'तीन नो ट्रम्प', म्हणजे नऊ हात, जमण्यासारखे असतात. बोली मुळात हा हिशोब जुळवण्यासाठी आहे.

मग एका वेळी एकच नवी बोली घ्यायची. समोरच्यांनी मध्ये तोंड घातलं तर तिचा अर्थ काय, हे त्याच दिवशी ठरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक एकट्यानं वाचायचं नाही. एकानं वीस पद्धती पाठ केल्या आणि भिडूला पाचच येत असतील, तर टेबलावर उपयोग त्या पाचांचाच. उरलेल्या पंधरांपैकी एखादी एकट्यानं वापरून बघितली, तर 'दोन चौकट'सारखा डाव अंगावर येतो.