संडासाची आखणी व भांड्याची बैठक

दोन खड्ड्यांचा संडास बांधताना पुष्कळदा आधी खोली उभी राहते व खड्ड्यांचा विचार मागाहून होतो. हा क्रम उलट असावयास पाहिजे. चुकलेली भिंत पाडता येते. परंतु दूषित झालेली विहीर सहजासहजी शुद्ध होत नाही.

प्रथम विहीर पाहावी. शोषखड्डे तिच्यापासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या बाजूस घ्यावेत. भेगाळ खडकातून मैल्याचे पाणी दूरवर झिरपते. तेथे अंतर याहून अधिक ठेवावे. दोन खड्ड्यांमध्ये १ मीटर माती राखावी, म्हणजे एकातील पाणी दुसऱ्यात उतरणार नाही.

त्यानंतर खोली आखावी. आतून ९० सेंटीमीटर रुंद व १२० सेंटीमीटर लांब जागा पुरते. भांड्याचा मध्य दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून ४५ सेंटीमीटरवर यावा व मागील भिंतीशी सुमारे २० सेंटीमीटर जागा सुटावी. सिमेंट लावण्यापूर्वी भांडे व पाय ठेवण्याचे दगड जागेवर मांडून, तेथे बसता-उठता अडचण होत नाही याची खात्री करावी. भांड्याखालील कोंबडा समपातळीत बसवून त्यात २ सेंटीमीटर पाणी उभे राहते की नाही, हे पाहावे. दुर्गंधी व माश्या या पाण्यानेच अडतात.

एका वेळी एकच खड्डा वापरावा. भरलेला खड्डा दोन वर्षे बंद ठेवल्यास त्यातील मैल्याचे निर्धोक सोनखत होते. ग्रामसेवकांनी आखणीच्या दिवशीच फीत घेऊन हजर राहावे. खोदाई झाल्यावर दिलेला सल्ला शेतकऱ्यास महाग पडतो.